सोसायटी, बचत गट, छोटा कारखाना: एआय कामाला लावायचं तर सुरुवात कुठून करायची

आधी एक स्पष्ट सांगतो, तुमच्या ऑफिसात किंवा सोसायटीत एआय आणायचं की नाही हा प्रश्न आता उरलेलाच नाही, ते आलेलं आहे. २०२४ च्या मध्यापासून व्हॉट्सॲपमध्येच मेटा एआयचं ते निळं गोल दिसायला लागलं, २०२५ मध्ये एअरटेलवाल्यांना परप्लेक्सिटी आणि जिओवाल्यांना जेमिनी या एआय ॲपचे मोठे प्लॅन फुकट मिळाले, नोव्हेंबरमध्ये चॅटजीपीटीने पण आपला गो प्लॅन भारतात वर्षभर फुकट केला. म्हणजे तुमच्या कमिटीतला कोणीतरी, तुमचा अकाउंटंट, कारखान्यात शॉपवरचा क्वालिटीवाला पोरगा, गटातली कॉलेजला जाणारी एखादी सून, यांच्यापैकी कोणीतरी ते वापरतंयच, फक्त कोणी बोलत नाही. मग एक दिवस नोटीस बोर्डावर अचानक फार गुळगुळीत मराठीतली नोटीस लागते आणि सगळ्यांना कळतं.

त्यामुळे पहिलं काम सॉफ्टवेअर विकत घ्यायचं नाही, कोणाला डेमोला बोलवायचंही नाही. मीटिंगमध्ये सरळ विचारायचं की बाबांनो कोण कोण काय काय वापरतंय, कशासाठी वापरतंय, आणि त्यात आपल्या ऑफिसचे कागद किती टाकले गेलेत. रागावून विचारलंत तर कोणी सांगणार नाही. शिकायच्या हेतूने विचारलंत की लोक मोकळेपणाने सांगतात आणि त्यातनंच तुम्हाला कळतं की कुठल्या कामाला लोक खरंच कंटाळलेत. तिथूनच सुरुवात करायची.

कुठलं काम द्यायचं

माझा एकच निकष आहे आणि तो मी सगळीकडे लावतो: जे काम एआयने करून दिल्यावर बरोबर की चूक हे आपल्यातला एक माणूस वाचून लगेच सांगू शकतो तेच काम द्यायचं. पाण्याची टाकी धुणार आहे, अमुक वाजता पाणी बंद, ही नोटीस मराठी हिंदी इंग्रजी तिन्हीत पाहिजे, द्या. महापालिकेचं चार पानी पत्र आलंय त्यातलं आपल्याला काय करायचंय ते थोडक्यात पाहिजे, द्या, मूळ पत्र शेजारी ठेवून ताडून बघता येतं. पण थकबाकीचं व्याज किती झालं, ट्रान्सफरला किती पैसे घ्यायचे, या माणसाला कामावरून काढायचं का, बाईंना गटातून कर्ज द्यायचं का, ही कामं त्याची नाहीत. आकडेमोड एक्सेलमध्ये करा, निर्णय मीटिंगमध्ये घ्या.

आणि एकावेळी एकच काम. पहिल्या महिन्यात फक्त इतिवृत्त किंवा फक्त नोटिसा. चार ठिकाणी एकदम हात घातला की चूक कुठे झाली तेच सापडत नाही, आणि मग सगळेच म्हणतात की हे आपल्याला जमायचं नाही.

इतिवृत्त, हे जरा नीट बघू

सोसायटीच्या सेक्रेटरीला सगळ्यात नकोसं वाटणारं काम म्हणजे मिनिट्स, म्हणजेच मीटिंगचं इतिवृत्त. मीटिंग रात्री नऊला सुरू, साडेअकराला संपते, त्यात पार्किंगवरून तासभर भांडण, आणि मग दोन आठवड्यांनी सेक्रेटरी डायरीतले पाच ओळींचे मुद्दे बघत आठवत बसतो की नक्की ठरलं काय होतं. इथे एआयचा खरा उपयोग होतो, पण इथेच ते सगळ्यात जास्त घोळही घालतं, म्हणून खोलात जाऊन सांगतो.

समजा तुम्ही मुद्द्यांत लिहिलंत: विषय ३, गच्ची वॉटरप्रूफिंग, तीन कोटेशन आली, एक जण म्हणाले गॅरंटी किती वर्षांची ते लेखी घ्या, पुढच्या मीटिंगला ठरवू. एवढंच. हे टाकून नुसतं 'याचे मिनिट्स लिही' असं सांगितलंत तर बऱ्याचदा असं येतं: 'गच्चीच्या वॉटरप्रूफिंगबाबत सखोल चर्चा होऊन प्राप्त झालेल्या तीन कोटेशनपैकी योग्य त्या कोटेशनला सर्वानुमते मंजुरी देण्यात आली.' वाचायला किती छान, अगदी जुन्या जाणत्या सेक्रेटरीने लिहिल्यासारखं. पण मंजुरी दिलीच नव्हती! सर्वानुमते तर अजिबात नव्हतं. आणि इतिवृत्ताची वही म्हणजे साधा कागद नव्हे, उद्या कोणी सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे तक्रार केली तर तिथे हीच वही बघतात. तिथे लिहिलेलं 'सर्वानुमते' मागे घ्यायला फार जड जातं.

असं का होतं तर एआयच्या या मॉडेलनी असे हजारो ठराव वाचलेले असतात आणि ठरावाचा शेवट साधारण मंजुरीतच होतो, म्हणून तुमचा अर्धवट मुद्दा ते त्याच वळणावर नेऊन पुरा करतं. ते मुद्दाम खोटं बोलत नाही, पण रिकामी जागा त्याला बघवत नाही. म्हणून सांगायचं असं:

'सोबत आमच्या सोसायटीच्या कमिटी मीटिंगचे मुद्दे आहेत. यावरून मराठीत इतिवृत्त लिही. विषय क्रमांक तेच ठेव. मी दिलंय तेवढंच लिही, स्वतःहून काही घालू नकोस. जिथे निर्णय, रक्कम, सूचक किंवा अनुमोदक दिलेला नाही तिथे नोंद नाही असं लिही. सर्वानुमते हा शब्द मी वापरला असेल तरच वापर. चर्चा पुढे ढकलली असेल तर तसंच स्पष्ट लिही. शेवटी तुला जिथे जिथे शंका आली त्या जागांची यादी दे.'

ती शेवटची ओळ गाळू नका. त्या यादीतनंच तुम्हाला कळतं की आपण मीटिंगमध्ये काय काय लिहून घ्यायला विसरलो. आणि 'नोंद नाही' असं दोनचारदा आलं ना, की पुढच्या मीटिंगला सेक्रेटरी आपोआप सूचक कोण अनुमोदक कोण हे तिथल्या तिथे विचारायला लागतो. माझ्या मते हा खरा फायदा, वेळ वाचतो त्यापेक्षाही मोठा.

रेकॉर्डिंग करून ते टाकायचं का असं बरेच जण विचारतात. करू शकता, पण आधी सगळ्यांना सांगून आणि ते सांगितल्याचं इतिवृत्तात लिहून. दुसरं म्हणजे आपल्याकडे मीटिंगमध्ये एकावेळी चार जण बोलतात, मराठीत सुरू केलेलं वाक्य हिंदीत संपतं, मधेच कोणी गुजरातीत कुजबुजतं, वर पंखा गरगरत असतो. त्यातनं जे टाईप होऊन येतं ते दुरुस्त करत बसण्यापेक्षा हातानं लिहिलेलं परवडलं. त्यापेक्षा एक सवय लावून घ्या: प्रत्येक विषय संपला की अध्यक्षांनी काय ठरलं ते एका वाक्यात मोठ्यानं सांगायचं, सेक्रेटरीने तेवढंच फोनवर बोलून टाईप करून घ्यायचं. गूगलच्या जीबोर्ड कीबोर्डचं मराठी व्हॉइस टायपिंग एका माणसाच्या सरळ वाक्याला चांगलं चालतं. आणि जो सभासद नंतर म्हणतो असं ठरलंच नव्हतं, त्याला पण तिथेच बोलायची संधी मिळते.

मसुदा तयार झाला की मीटिंगला हजर असलेल्या, पण सेक्रेटरी नसलेल्या एका माणसाने तो वाचायचा. त्याचं नाव ठरवून टाका, कमिटीत ठराव करूनच ठरवा. 'कोणीतरी बघून घ्या' म्हटलं की कोणीच बघत नाही.

कायद्याचं विचारताना

महाराष्ट्रातल्या सोसायट्यांचा कायदा वेगळा आहे, आपला १९६० चा सहकारी संस्था अधिनियम, आणि त्यात २०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण १३-ब घातलं गेलं, कलम १५४ ब आणि त्याच्या पोटातली कलमं. थकबाकी वसुलीचा दाखला पूर्वी कलम १०१ खाली मिळायचा, आता गृहनिर्माण संस्थांना ते १५४ ब-२९ खाली करायचं. आता इंटरनेटवर जुनं लिखाण ढीगभर पडलंय, त्यामुळे एआयला विचारलंत तर ते अगदी ठामपणे १०१ सांगू शकतं, किंवा त्याहून वाईट म्हणजे कर्नाटकातल्या अपार्टमेंट असोसिएशनचे नियम आपल्याला चिकटवू शकतं.

म्हणून नवीन टूल हातात आलं की आधी त्याची परीक्षा घ्या, ज्याची उत्तरं तुम्हाला पाठ आहेत ते विचारा. महाराष्ट्रात फ्लॅट ट्रान्सफर करताना सोसायटी जास्तीत जास्त किती प्रीमियम घेऊ शकते? पंचवीस हजार. भाडेकरू ठेवला तर बिनभोगवटा शुल्क किती? सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत, आणि त्यात महापालिकेचा कर धरायचा नाही. वार्षिक सर्वसाधारण सभा कधीपर्यंत? ३० सप्टेंबर. मेंटेनन्सवर जीएसटी कधी? दर सभासद महिना साडेसात हजारांच्या वर आणि सोसायटीची वार्षिक उलाढाल वीस लाखांच्या वर, दोन्ही असेल तर. या चारपैकी एक जरी चुकलं तरी तुम्हाला न येणाऱ्या पाचव्या प्रश्नावर त्याच्यावर विसंबायचं नाही हे तुम्हीच समजून जाल.

जास्त चांगला मार्ग म्हणजे त्याच्या डोक्यातलं विचारायचंच नाही, आपले कागद द्यायचे आणि त्यातलं शोधून मागायचं. तुमच्या सोसायटीने स्वीकारलेले उपविधी (सोसायटीचे नियम), जे तुमच्या नावाने नोंदलेले आहेत ते, कारण शेजारच्या सोसायटीचे वेगळे असू शकतात, ते आपण दिलेल्या कागदांतनं उत्तर शोधणाऱ्या गूगलच्या नोटबुकएलएममध्ये टाका आणि विचारा की पार्किंग वाटपाबद्दल यात कुठे काय लिहिलंय. ते उत्तराबरोबर मूळ मजकुराची जागा दाखवतं, त्यावर क्लिक करून मूळ वाक्य स्वतः वाचायचं. वाक्य सापडलं नाही तर ते उत्तर सोडून द्यायचं. आणि नियम बदलत असतात, तेव्हा पैशाचा किंवा निवडणुकीचा विषय असेल तर उपनिबंधक कार्यालयात किंवा आपल्या ऑडिटरला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

हे मी वाढवून सांगत नाहीये. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या वकिलांनी चॅटजीपीटीने बनवलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल कोर्टात दिले आणि पाच हजार डॉलर दंड भरला. आपल्याकडे २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आयकर खात्याचा एक आदेश रद्द केला, कारण त्यात आधाराला घेतलेले निकाल अस्तित्वातच नव्हते, आणि एआयने दिलेलं न तपासता वापरू नका असं कोर्टाने सुनावलं. शिकलेल्या, पगारी, रोज तेच काम करणाऱ्या माणसांचं असं होत असेल तर नोकरी सांभाळून रात्री सोसायटीचं काम करणाऱ्या सेक्रेटरीने जास्तच जपायला हवं.

जुना फॉन्ट, हाताचं अक्षर

एक फार बारीक पण सगळ्यांना आडवी येणारी अडचण. ऑफिसातल्या जुन्या कॉम्प्युटरवर दहापंधरा वर्षांच्या नोटिसा असतात, त्या श्रीलिपी किंवा कृतीदेव फॉन्टमध्ये. कॉपी करून एआयमध्ये टाकल्या की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा कचरा दिसतो, कारण तो मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत, नाहीच. काही वेळा मॉडेल त्या कचऱ्यातनंही काहीतरी अर्थ काढून दाखवतं, त्यावर विश्वास ठेवू नका. फॉन्ट कन्व्हर्टरने आधी युनिकोड करून घ्या, मग जोडाक्षरं तपासा, रफार आणि र्‍ह सगळ्यात जास्त बिघडतात. कन्व्हर्टर नसेल तर पानाची प्रिंट काढून सरळ फोटो द्या, छापील मराठी फोटोवरून बरं वाचलं जातं.

हाताने लिहिलेल्या रजिस्टरचं तसं नाही. देवनागरी आकड्यांत १ आणि ९, ५ आणि ६ यांची अदलाबदल होते, आणि रकमेत एक आकडा बदलला तर वाचताना तो डोळ्याला खटकतही नाही. रजिस्टर उतरवून घेतलंत तर पानाची बेरीज मूळ वहीतल्या बेरजेशी जुळवा. नाही जुळली तर पान परत बघा, आणि जुळली तरी मोठ्या रकमा एकदा बोट ठेवून वाचा.

काय टाकायचं नाही

थकबाकीदारांची नावं फ्लॅट नंबरसह, आधार, पॅन, भाडेकरूचे पोलीस व्हेरिफिकेशनचे कागद, कोणाचं आजारपण, घटस्फोट, वारसाचं भांडण, कामगारांचे पगार, गटातल्या बायकांचे बँक खाते क्रमांक. यातलं काहीही नाही. फुकटच्या खात्यात टाकलेलं बऱ्याच कंपन्या आपलं मॉडेल शिकवायला वापरू शकतात, सेटिंग्जमध्ये ते बंद करायचा पर्याय असतो, तो पहिल्याच दिवशी बंद करा, पण बंद केलं म्हणून मोकाट टाकायचं असंही नाही. आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, पण कायदा बाजूला ठेवला तरी शेजारणीच्या थकबाकीचा कागद आपण कुठल्याशा कंपनीच्या सर्व्हरवर पाठवावा का, हा साधा प्रश्न स्वतःला विचारावा.

पत्र लिहून घ्यायचं असेल तर नावाच्या जागी 'सदस्य अ', फ्लॅटच्या जागी 'क्रमांक', रकमेच्या जागी रिकामी जागा, आणि खरं नाव शेवटी वर्डमध्ये स्वतः टाकायचं. याला फारसा वेळ लागत नाही. मोठ्यांनाही हे शिकायला लागलंय, सॅमसंगच्या इंजिनिअरनी कंपनीचा कोड चॅटजीपीटीत टाकल्यावर २०२३ मध्ये कंपनीने ते वापरणंच बंद केलं, आणि आपल्या केंद्रीय अर्थ मंत्रालयाने २०२५ च्या सुरुवातीला कर्मचाऱ्यांना ऑफिसच्या मशीनवर चॅटजीपीटी, डीपसीक वापरू नका असं कळवलं.

खातं सोसायटीच्या किंवा ऑफिसच्या ईमेलवर काढा. सेक्रेटरीच्या खाजगी फोनवर सगळं राहिलं आणि कमिटी बदलली की दोन वर्षांचं काम त्याच्याबरोबर जातं. आणि हे फुकटचे प्लॅन संपायची तारीख कॅलेंडरवर टाकून ठेवा, ऑटोपे लावून घेतलेलं असतं आणि पैसे कोणाच्या तरी खाजगी कार्डावरून कापले जातात, मग मीटिंगमध्ये त्यावरून वाद.

छोट्या कारखान्यात

भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज, कुठेही जा, दहा-वीस माणसांच्या युनिटमध्ये मालकाचा अर्धा दिवस मेल आणि कोटेशनमध्ये जातो. मोठ्या कंपनीचा परचेसवाला इंग्रजीत चार ओळींचा मेल पाठवतो आणि त्याला नीट उत्तर द्यायला मालक संध्याकाळपर्यंत थांबतो, कारण काम येतं पण इंग्रजी लिहायचा कंटाळा. इथे एआय फार कामाचं आहे. मराठीत बोलून सांगा की माल शुक्रवारी देतो, हीट ट्रीटमेंटवाल्याकडे दोन दिवस उशीर झालाय, अर्धा लॉट आधी पाठवतो, आणि याचा साधा इंग्रजी मेल करून घ्या. तारीख आणि नग एकदा तपासा, पाठवा.

पण एक जागा अशी आहे की तिथे मला मनापासून थांबवावंसं वाटतं, ती म्हणजे एट-डी रिपोर्ट, म्हणजे माल नापास झाला की त्याचं कारण आणि उपाय लिहून कस्टमरला द्यायचा अहवाल. कस्टमरकडून रिजेक्शन आलं, बोअर ओव्हरसाइज (भोक मापापेक्षा मोठं), चोवीस तासात उत्तर पाहिजे. क्वालिटीवाला पोरगा एआयला सांगतो बोअर ओव्हरसाइजचा एट-डी लिही, फाइव्ह-व्हाय (पाचदा 'का' विचारून मूळ कारण शोधणं) सकट. दोन मिनिटांत सुंदर रिपोर्ट तयार: ऑपरेटरला पुरेसं प्रशिक्षण नव्हतं, प्रशिक्षण दिलं, चेकशीट लावली, ऑडिट वाढवलं. कस्टमर पण स्वीकारतो. आणि पुढच्या महिन्यात परत तेच रिजेक्शन, कारण मशीनवर कोणी गेलंच नाही. खरं कारण कदाचित वेगळंच असतं, नवीन पेटीतली इन्सर्ट (कापणारी टीप) वेगळ्या ग्रेडची आली, किंवा ऑफसेट (मशीनचं माप जुळवणं) सकाळी मशीन थंड असताना घेतला जातो, किंवा कच्च्या मालाच्या बारचा नवीन लॉट कडक निघाला. हे ऑपरेटरला माहीत असतं, त्याला कोणी विचारत नाही, आणि वर कागदावर दोषही त्याच्याच माथी मारला जातो. हे मला फार चुकीचं वाटतं, कारण त्या कागदावरून उद्या त्याचं अप्रेझल होतं.

योग्य क्रम असा: आधी मशीनवर जा, ऑपरेटरशी बोला, शिफ्टची नोंद, इन्सर्ट बदलल्याची वेळ, मोजलेली मापं हे सगळं मराठी-हिंदीत फोनवर बोलून टाईप करून घ्या. मग एआयला सांगा की यातनं एट-डीचा इंग्रजी मसुदा कर, कारण तू शोधू नकोस, मी दिलंय तेच लिही, आणि कुठली माहिती कमी पडतेय ते विचार. ते विचारतं सुद्धा, याच मशीनवर दुसऱ्या शिफ्टला काय मापं आली, आधीच्या लॉटचं काय. असे प्रश्न उपयोगी असतात, ते घेऊन परत शॉपवर जायचं.

कस्टमरची ड्रॉइंग टाकायची नाहीत, ती आपली नसतातच, बऱ्याच ठिकाणी त्यावर गोपनीयतेचा करार केलेला असतो. मशीनचं मॅन्युअल मात्र टाकून अलार्म नंबरचा अर्थ विचारायला हरकत नाही, पान नंबर मागून मूळ पान बघायचं. वीज, प्रेशर, गार्ड काढणं असलं काही त्यात आलं की चॅट बंद आणि मेंटेनन्सवाल्याला फोन.

मशीनशेजारी लावायच्या सूचना मराठी, हिंदी आणि ओडियात करून घेता येतात, शॉपवर ओडिशाची, बिहारची पोरं असतात. फक्त ती भाषा घरात बोलणाऱ्या कामगाराकडून एकदा वाचून घ्या. त्यालाही बरं वाटतं, आणि चूक असेल तर तोच सांगतो.

बचत गट आणि गाव

गटाच्या बाबतीत टायपिंगची अपेक्षाच ठेवू नका, बोलूनच काम होतं. सीआरपी ताईंच्या (गटांना मदत करणाऱ्या गावातल्या कार्यकर्तीच्या) फोनवर महिन्याच्या बैठकीत अर्धा तास ठेवा आणि एकच गोष्ट करा, उदाहरणार्थ बँकेला द्यायचं पत्र, किंवा पापड-मसाल्याच्या पाकिटावरचा मजकूर. मजकूर एआयने लिहिला तरी घटक, वजन, अन्न परवान्याचा एफएसएसएआय नंबर, तारीख हे गटानेच सांगायचं. ते स्वतःहून 'शंभर टक्के सेंद्रिय', 'औषधी गुणधर्म' असलं काहीतरी घालतं, ते काढून टाका. छापून पाकिटावर गेलं की त्याची जबाबदारी गटाची.

सरकारी बाजूने पण बरंच आलंय. भाषांतरासाठी केंद्राची भाषिणी आहे, पीएम-किसानच्या प्रश्नांसाठी किसान ई-मित्र २०२३ पासून आहे, महाराष्ट्राने २०२५ मध्ये शेतीसाठी वेगळं महाॲग्री-एआय धोरण आणलं आणि महाविस्तार ॲप पण काढलं, बारामतीला उसावर एआयचे प्रयोग चालू आहेत. हे जरूर वापरून बघा. पण फवारणीचं प्रमाण कुठल्याही साध्या चॅटवरून घेऊ नका, बाटलीवरचं लेबल वाचा, कृषी विज्ञान केंद्राला फोन करा. एका दशांश चिन्हाने अख्खं पीक जातं, आणि फवारणारा माणूसही आजारी पडतो.

ग्रामपंचायतीत ग्रामसभेचा अजेंडा, योजनेची माहिती सोप्या भाषेत, जुन्या ठरावांतनं शोधाशोध, एवढ्यापर्यंत चांगलं. लाभार्थी यादीत कोण बसतं हे एआयला विचारायचं नाही, त्यासाठी ग्रामसभा आहे आणि तिथे प्रश्न विचारता येतात.

माणसांशी बोलून घ्या

सोसायटीचा मॅनेजर, ऑफिसातला क्लार्क, यांच्या मनात पहिला विचार नोकरीचाच येतो. तो टाळू नका. काय वाचणार आणि वाचलेल्या वेळात त्याने काय करायचं हे त्याच्याशी बसून ठरवा, आणि तपासायचं काम शक्यतो त्यालाच द्या, कारण कुठल्या फ्लॅटचं काय प्रकरण आहे हे त्याच्याइतकं कोणाला माहीत नसतं. ज्येष्ठ सभासदांसाठी छापील नोटीस बोर्डावर लागलीच पाहिजे, मोठ्या अक्षरात. मसुदा एआयच्या मदतीने केला असेल तर तसं खाली एका ओळीत लिहायला लाजायचं कारण नाही, उलट लोक लक्षपूर्वक वाचतात आणि चुका दाखवतात.

दोन-तीन महिन्यांनी बसून बघा, तपासायला लागणारा वेळ लिहायला लागणाऱ्या वेळेपेक्षा जास्त होतोय का. होत असेल तर ते काम परत हातानेच करा, काही बिघडत नाही, दुसरं काम निवडा. आणि सोसायटीवाल्यांनो, ऑगस्टपासून एजीएमची (वार्षिक सर्वसाधारण सभेची) धावपळ, ऑडिट रिपोर्ट, सभेच्या नोटिशीचे चौदा दिवस हे सगळं अंगावर येतं, त्या गडबडीत पहिला प्रयोग करू नका. जूनच्या साध्या कमिटी मीटिंगचं इतिवृत्त घ्या, वरची सूचना तशीच्या तशी टाका, आणि वाचणारा माणूस कोण ते त्याच मीटिंगमध्ये ठरवून घ्या.